जुन्या गावाच्या विहिरीवर

मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी एका नवरदेवाच्या कपाळावरचा घाम पुसत होते. संगणकावर, अर्थात. हिंगणघाटला माझा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नसराईतले माझे निम्मे दिवस लोकांचे घाम पुसण्यात, फोड मिटवण्यात आणि कोण्या आत्याचा फ्रेममध्ये घुसलेला अर्धा हात काढून टाकण्यात जातात. त्यामुळे पलीकडचा आवाज जेव्हा म्हणाला की माणसांपेक्षा जनावरांचेच फोटो जास्त लागतील, तेव्हा मी फारसा विचार न करता हो म्हटलं. बैल फोटो पाहून कधी म्हणत नाही, की मला थोडं गोरं करा.

काम असं होतं. नागपूरच्या एका मालकाने हायवेपासून थोडं आत शेत घेऊन त्यावर अख्खं गाव बांधलं होतं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडचं गाव कसं होतं ते शहरातल्या लोकांनी तिकीट काढून पाहावं, झुणका-भाकर खावी, बैलगाडीतून चक्कर मारावी आणि संध्याकाळी परत जावं, अशी कल्पना. संक्रांत होऊन गेली की उद्घाटन. त्याआधी बॅनरसाठी, मोबाइलवर टाकण्यासाठी आणि दर्शनी भिंतीवर लावण्यासाठी भरपूर फोटो हवे होते.

पहिल्या दिवशी या मालकाच्या मॅनेजरने, फोन करणाऱ्यानेच, मला गाव फिरवून दाखवलं. तिशीतला, नीटनेटका, बोलायला गोड माणूस. वेशीतून आत गेलं की डाव्या हाताला कुंभाराचं घर, उजवीकडे तेल्याची घाणी, पुढे लोहाराचा भाता, कडुनिंबाचा पार, मारुतीचं देऊळ, पाटलाचा वाडा आणि मधोमध विहीर. विहिरीच्या एका बाजूला बैलांनी ओढायची कातड्याची मोट, दुसऱ्या बाजूला बायांनी पाणी काढायची गडगडी. प्रेक्षकांना एकाच जागी सगळं दिसावं म्हणून दोन्ही एकाच विहिरीवर बसवलेलं. भिंती खरोखर मातीच्या होत्या, पांढऱ्या मातीने पोतारलेल्या, अंगण शेणाने सारवलेलं. खोटं सांगत नाही, मला ते गाव आवडलं. कुणीतरी मनापासून बांधलं होतं.

गावात राहणारी माणसं आजूबाजूच्या खेड्यांतून रोज कामावर येत. आल्यावर मागच्या शेडमध्ये धोतर नाहीतर नऊवारी नेसत, मोबाइल पेटीत ठेवत आणि शंभर वर्षं मागे जात. कुंभारीण झालेली बाई मुळात शेजारच्या गावची शेतकरीण होती. तिची स्कूटी पाटलाच्या वाड्यामागे लावलेली असे आणि दुपारी जेवताना ती वाड्याच्या सावलीत बसून पोरीशी व्हिडिओ कॉलवर बोलत असे.

जनावरं मात्र कुणाचं सोंग घेऊन आलेली नव्हती. त्यांची जबाबदारी एका गायक्याकडे होती. आमच्याकडे गुरं राखणाऱ्याला गायकी म्हणतात. हा आर्वीकडचा गवळी, साठीच्या घरातला, उंच, हाडकुळा, कानावर मफलर गुंडाळलेला. त्याने स्वतःची गवळाऊ बैलजोडी आणि काही गाई इथे आणल्या होत्या. गवळाऊ ही आमच्या वर्धा जिल्ह्याची जात. पांढरीशुभ्र, अंगाने हलकी, तोंड लांबट आणि डोळे बदामासारखे. चालायला लागली की वाटतं हिला कुठेतरी पोचायचं आहे.

गायक्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं, "ताई, तो उजेड मारू नोको बरं डोळ्यात. बिथरले त मंग आवरत नाई मले."

मी फ्लॅश बॅगेत ठेवून दिला तो शेवटपर्यंत काढला नाही. सकाळच्या उन्हात काम करायचं ठरवलं. ते दिवस माझ्या आयुष्यातले फार बरे दिवस होते. मी जमिनीवर पालथी पडून बैलांच्या पायांचे फोटो काढले. म्हशीने लेन्सवर फुर्र केलं, ते पुसायला माझी ओढणी गेली. शेळीने लोहाराच्या धोतराचा सोगा चघळला, तो त्याच्या ध्यानात येईपर्यंत मी फोटो काढत राहिले. गाढव कुंभाराच्या घरापुढे उभं करायचं होतं, पण ते दर वेळी देवळात जाऊन उभं राही. गायकी हसून म्हणे, की त्याची श्रद्धा आहे, आपण काय करणार. मोटेवरच्या बैलांचा एक फोटो तर असा मिळाला की मी तो घरी जाऊन पुन्हा पुन्हा पाहिला. उतारावरून खाली जाताना दोघांच्या मानेवर जू टेकलेलं, दोर ताणलेला, मागे मोटेतून पाणी सांडतंय आणि डावीकडच्या बैलाने नेमकं माझ्याकडे पाहिलंय.

मॅनेजरलाही तो फोटो आवडला. फक्त बैलाच्या कानातला पिवळा सरकारी बिल्ला काढून टाका, असं तो म्हणाला. शंभर वर्षांपूर्वी बिल्ले नव्हते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घाम पुसते, तसाच बिल्ला.

त्या रात्री जेवण झाल्यावर माय माझ्या खोलीत आली. माझी माय सत्तरीची आहे. अल्लीपूरकडच्या एका खेड्यात तिचं बालपण गेलं. लग्न होऊन हिंगणघाटला आली, बाबा गिरणीत होते, ती स्वतः जिनिंगमध्ये सरकी आणि कापसाच्या धुळीत राबली. बाबा गेले. मी लग्न केलं नाही. आम्ही दोघी मायलेकी राहतो आणि माझं काम तिला दाखवल्याशिवाय पुरं होत नाही. तिला फोटोतलं बरंच कळतं. नवरीचं तोंड पडलेलं असलं, तर ती मला लग्नाच्या रात्रीच सांगते की ही सासरी टिकायची नाही.

मी एकेक फोटो दाखवू लागले. ती खुर्ची ओढून जवळ बसली. गाव पाहून तिला आनंद झाला, हे मी स्पष्ट पाहिलं. ही कुंभाराची भट्टी, ही घाणी, हा पार, असं ती मला बोटाने दाखवत गेली. बैल पाहून तर म्हणाली, अशीच जोडी त्यांच्या गावच्या पाटलाकडे होती. सगळे फोटो संपले.

"अन् आपलं घर कुठी हाये याच्यात?" तिने विचारलं.

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, कोणतं घर?

"आपलं. कुंभाराचं हाये, तेल्याचं हाये, पाटलाचं हाये. मारुतीले बी घर हाये. आपलं काऊन नाई?"

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी धम्म घेतला आणि जुनी नावं, जुनी कामं मागे टाकली. पण त्याच्या आधीच्या गावात, म्हणजे मी ज्या गावाचे फोटो काढत होते त्याच गावात, आमची वस्ती वेशीच्या बाहेर होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेच्या पुस्तकात होतं, विहारात ऐकलं होतं. तरी इतके दिवस त्या गावात मी कॅमेरा घेऊन हिंडले, गाढवाच्या मागे पळाले, आणि हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. तिच्या मनात तो फोटो पाहता पाहताच आला.

मग ती बोलत राहिली. विहिरीच्या ओट्यापासून लांब एक चपटा दगड होता, त्यावर तिची माय घागर ठेवून थांबायची. कोणी दयाळू बाई आली तर वरून पाणी ओतायची. कोणी नाही आली, तर थांबायचं. माय तेव्हा लहान होती. एकदा उन्हाळ्यात तहान सोसवेना म्हणून ती धावत गेली आणि जनावरांच्या डोणीत, बैल पीत होते त्यांच्या बाजूला, तिने तोंड घातलं. तिला कुणी मारलं नाही. पण डोणीतलं सगळं पाणी उपसलं गेलं आणि डोणी राखेने घासून काढली.

"बैल तिथीच उभा होता," माय म्हणाली. "त्याचं तोंड नाई घासलं कोनी."

ही गोष्ट तिने मला कधीच सांगितली नव्हती. मी नळाच्या पाण्यावर वाढले. मी तिला विचारलं, आजवर का नाही बोललीस? पडद्यावर मोटेचा फोटो अजून उघडा होता. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे मोटीचं कातडं कोन ओढून आनलं? जितं ढोर त्याइचं, मेलं का आपलं. ढोर वढाले गावाले आपन लागो. पानी प्याले नाई लागो."

ती झोपायला गेली. मी तो बैलाचा फोटो पुन्हा कामाला घेतला आणि मिटवलेला पिवळा बिल्ला त्याच्या कानात परत घातला.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेले. त्याची खोली पाटलाच्या वाड्यातच होती, बाहेरून माती आणि आत एसी. मी त्याला सरळ विचारलं की या गावात आमची वस्ती कुठे आहे. त्याला वाटलं मी काही राहण्या-जेवण्याच्या सोयीचं विचारते आहे. मग मी नीट समजावून सांगितलं. त्याचा चेहरा काळजीचा झाला. तो म्हणाला, लोक इथं पोरंबाळं घेऊन विरंगुळ्याला येणार, आपण गावातलं चांगलं तेवढं दाखवतो आहोत, वाईट दाखवून कुणाचं मन कशाला दुखवायचं.

मी म्हटलं, "घर वाईट होतं, असं म्हणता?"

"तसं नाही हो मॅडम."

"मग ते नव्हतंच, असं म्हणता?"

टेबलावर माझं कार्ड होतं, ते त्याने उचलून पाहिलं. त्यावर नुसतं स्टुडिओचं नाव आहे. मला माहीत होतं तो काय शोधतो आहे. आयुष्यात किती जणांना मी ते शोधताना पाहिलं आहे. भाड्याने दुकान बघायला गेले तेव्हा, लग्नाच्या ऑर्डरीला गेल्यावर पाणी देताना. लोक आधी नाव विचारतात, मग नुसतं हं म्हणतात, मग सहज विचारल्यासारखं विचारतात, "आणि पूर्ण नाव?"

त्यानेही तेच विचारलं. मी माझं आडनाव सांगितलं. मग मायच्या माहेरचंही सांगितलं, कारण काही आडनावांवरून लोकांना नक्की ठरवता येत नाही आणि मला त्याला शंकेत ठेवायचं नव्हतं. खोलीचं दार उघडं होतं. बाहेर कुंभारीण बाई आणि लोहार बसले होते, त्यांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात मी बोलले.

त्यानंतर तो फार अदबीने वागू लागला. चहा मागवला. म्हणाला, त्याचे कितीतरी मित्र आमच्यातले आहेत. मी चहा घेतला आणि म्हटलं, विहिरीवरचे फोटो उद्या काढायचे ठरले आहेत ना, ते काढते. तो सुटल्यासारखा झाला.

घरी येऊन मी मायला विचारलं, की उद्या माझ्यासोबत येतेस का. कशाला ते सांगितलं. वाटलं होतं नको म्हणेल. आमच्याकडे ओसरून गेलेलं दुःख पुन्हा उकरायची कुणाला हौस नसते. तिने फक्त विचारलं, की किती वाजता निघायचं.

सकाळी ती तयार होऊन बसली होती. मोरपंखी साडी, वर राखाडी स्वेटर, पायात चालायला जाते ते कॅनव्हासचे बूट. केसांना तेल. मी तिला म्हटलं नाही की साधी साडी नेस, आणि तिने विचारलंही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा विहिरीवर तयारी झाली होती. नऊवारीतल्या बाया डोक्यावर घागरी घेऊन ओळीने उभ्या. कुंभारीण बाई गडगडीवर, हातात दोर. डोणी काठोकाठ भरलेली आणि शेजारी गायकी बैलजोडी घेऊन उभा. मॅनेजरने हाताने चौकट करून मला दाखवलं, की बाया पाणी काढताहेत आणि बैल पाणी पिताहेत, असं एकाच फ्रेममध्ये हवं. मी तसे फोटो काढले. मनापासून काढले, उन्हाची तिरीप पाण्यावर येईपर्यंत थांबून काढले. ठरलेलं काम मला अर्धवट द्यायचं नव्हतं.

मग मी मायकडे पाहिलं. ती पारावर बसली होती. ती उठली आणि चालत विहिरीपाशी आली. ओट्याच्या पायरीशी क्षणभर थांबली. मला वाटलं गुडघा दुखतो म्हणून थांबली असेल. मग वर चढली.

कुंभारीण बाई गोंधळली. ती मॅनेजरकडे पाहू लागली. तिने आदल्या दिवशी खोलीबाहेर बसून सगळं ऐकलेलं होतं, त्यामुळे समोर कोण उभं आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. मायने दोरासाठी हात पुढे केला. बाईने दोर दिला नाही आणि मागेही घेतला नाही. दोघींच्या मधे तो दोर तसाच राहिला. मी कॅमेऱ्यातून पाहत होते. त्या बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती की भीती हे मला आजही सांगता येणार नाही. अखेर तिने दोर मायच्या हातात दिला आणि म्हणाली, "जपून काकू, जड येते."

मायने बादली आत सोडली. गडगडी करकरली. दोर जड येत होता तरी तिने कुणाला मदत करू दिली नाही. बादली वर आली. ती ओट्यावर ठेवून तिने ओंजळ भरली आणि प्यायली. पुन्हा भरली, पुन्हा प्यायली. पाणी मनगटांवरून स्वेटरच्या बाह्यांत गेलं.

मॅनेजर माझ्याकडे आला. हळू आवाजात म्हणाला की मॅडम, हे आपल्या ठरलेल्यात नाही, वेशभूषासुद्धा नाही, प्लीज. मी फोटो काढत राहिले. मग त्याने लेन्सपुढे हात धरला.

"हात काढा," मी म्हटलं.

त्याने काढला नाही.

"तुमच्या विहिरीवर माझी माय पाणी पिते आहे. फोटो तर मी काढणारच. तुमचा हात आला तर हातासकट काढीन."

त्याने हात काढला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं की अशा वेळी काय करायचं असतं. तो गायक्याकडे वळला आणि त्याला बैल घेऊन जायला सांगितलं. बैल नसले तर फोटोला काही अर्थ राहणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

माय तोवर बादली घेऊन डोणीपाशी आली होती. उरलेलं पाणी तिने डोणीत ओतलं. दोन्ही बैलांनी माना खाली घातल्या आणि तिने ओतलेलं पाणी पिऊ लागले. मॅनेजरने पुन्हा सांगितलं, बैल न्या म्हणून. गायक्याने कासरा हातातच धरला होता. तो जागचा हलला नाही.

"पानी पिऊन राह्यले, साहेब," तो म्हणाला. "पित्या ढोराले वढत नसते."

बैलांनी आपला वेळ घेतला. मीही घेतला. माय एका हाताने बैलाच्या कपाळावर खाजवत उभी होती, कॅनव्हासचे बूट ओले, साडीचा काठ ओला, आणि बैलाच्या कानात पिवळा बिल्ला. तो फोटो मी काढला.

गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं की कसं वाटलं. मला कसलं तरी मोठं उत्तर हवं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. ती खिडकीतून कापूस वेचणाऱ्या बाया पाहत होती.

"खारं हाये पानी," ती म्हणाली. "बोअरचं असंन."

बोअरचंच होतं. विहीर नवी होती, खालून नळी सोडून भरलेली. मायच्या गावची ती विहीर बुजून किती वर्षं झाली कोण जाणे. मला त्याने काही फरक पडला नाही, तिलाही नाही. हे जुनं गाव आहे असं त्यांनीच तर पाटीवर लिहिलं होतं.

मी सगळे फोटो वेळेवर दिले, मायचा तोही दिला. मॅनेजरने बाकीचे ठेवून घेतले आणि फोनवर म्हणाला की तो एक माझ्याकडचाही डिलीट केला तर बरं होईल, पुढच्याही कामांना बोलावता येईल. मी म्हटलं, बोलावू नका. उद्घाटन झालं. हायवेवर मोठा बॅनर लागला, त्यावर माझे मोटेचे बैल. कान त्यांनी दुसऱ्या कुणाकडून साफ करून घेतले होते.

मायचा फोटो मी मोठा करून माझ्या स्टुडिओच्या काचेत लावला. जिथे आधी नवरानवरी असत, तिथे. पहिल्या आठवड्यात लोक थांबून पाहायचे, त्यांना वाटे बैलपोळ्याचा आहे. मग गोष्ट पसरली. एका जुन्या गिऱ्हाइकाने पोरीच्या लग्नाचं काम काढून घेतलं. कारण सांगितलं नाही, पण काचेकडे पाहूनच गेला. शेजारचा दुकानदार समजुतीने म्हणाला, "काऊन जुनं उकरून राह्यली ताई? आता कुठी हाये तसं?" मी त्याला विचारलं, की मग नुसत्या फोटोने एवढं कसं टोचतं. तो हसला आणि आपल्या गल्ल्यावर जाऊन बसला. दुसरीकडे आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया दुपारच्या वेळी येऊन उभ्या राहू लागल्या. एक तर आपली घागर घेऊनच आली. म्हणाली, मलाही तिथं घेऊन चाल.

उन्हाळ्याच्या तोंडावर गावाचा मालक स्वतः आला. पांढरे केस, शांत बोलणं. मायही तेव्हा स्टुडिओतच होती. तो काचेपुढे बराच वेळ उभा राहिला, मग आत येऊन म्हणाला की त्याने फार प्रेमाने गाव बांधलं आहे, आपल्या आजोळच्या आठवणीवर. या फोटोमुळे त्याला वाईट म्हटलं जातं आहे. फोटो तो विकत घ्यायला तयार होता. मी सांगितलं की फोटो विकायचा नाही.

"मग मी करू तरी काय?" त्याने विचारलं. प्रामाणिकपणे विचारलं, असं मला वाटलं.

मायने उत्तर दिलं. "घर बांधा. आमचं बी घर बांधा. वेशीच्या भाईर, जिथी होतं तिथी. अन् तिथी लिवा, काऊन भाईर होतं थे."

तो म्हणाला, बघतो. अजून बघतोच आहे. वेशीबाहेर गाड्या लावायची जागा केली आहे.

तेव्हापासून आम्ही जातो. दर दोन-तीन महिन्यांनी, तिकीट काढून, कधी आम्ही दोघीच, कधी वस्तीतल्या बाया सोबत. तिकीट काढलेल्या माणसाला ते अडवू शकत नाहीत. माय ओट्यावर चढते, पाणी काढते, पिते, पाण्याला नावं ठेवते आणि बैलांना पाजते. कुंभारीण बाई आता लांबूनच आम्हाला पाहून दोर सोडून ठेवते. मागच्या खेपेला तिने मायला आपल्या डब्यातली भाकर दिली आणि दोघी ओट्यावरच बसून जेवल्या.

त्याच दिवशी एक शाळेची सहल आली होती. एका मुलीने मायला विचारलं, "आजी, तुम्ही याच गावच्या का?"

"नाई बाई," माय म्हणाली. "मी या गावाच्या भाईरची."

मुलीला कळलं नाही. बाहेरची म्हणजे कुठली, तिने विचारलं. तेव्हा माय पारावर जाऊन बसली आणि सांगायला लागली. दगड कुठे होता, घागर कशी ठेवायची, डोणी कशी घासली. पाच-सहा मुली बसल्या, मग आणखी आल्या. त्यांच्या बाईंनी दोनदा हाका मारल्या, की चला, घाणी पाहायची आहे. मुली उठल्या नाहीत. मॅनेजर वाड्याच्या दारात येऊन उभा राहिला, आणि मी त्याच्यादेखत फोटो काढत राहिले.